आधी उजेड, मग भिंत : घरच्या कार्यक्रमात फोटोसाठी जागा कशी शोधायची

माझ्या भाचीचा पहिला वाढदिवस ऐन मे महिन्यात होता. अंगणात लाल-गुलाबी कापडाचा मांडव घातला होता. आठ बाय सहा फुटांचा फ्लेक्स छापून आणला होता, त्यावर भाचीचाच मोठा फोटो आणि दोन्ही बाजूंना चमकणाऱ्या झालरी. येणारा प्रत्येक पाहुणा लेकराला घेऊन त्या फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि मी शंभराच्या वर फोटो काढले. रात्री बघायला बसलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसत होते. फ्लेक्सवरच्या एवढ्या मोठ्या चेहऱ्यापुढे खरं लेकरू सापडत नव्हतं.

त्या दिवसाचा एकच फोटो घरात फ्रेम होऊन लागला. दुपारी भाची झोपेतून उठली तेव्हा आजीने तिला कडेवर घेतलं आणि माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी छपरीतून, म्हणजे ओसरीतून, फोटो घेतला. मागे काहीच नव्हतं, फक्त घरातला अंधार. शेजारच्या मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "काहून वं पोरी, एवढा चांगला बॅनर सोडून लेकराले दारात कायले उभं करून रायली?" फ्रेम पाहून त्यांनीच मला नातवाच्या बारशाला बोलावलं.

तेव्हापासून गावात कोणाकडे बारसं, साक्षगंध (साखरपुडा), डोहाळजेवण असलं की मी आदल्या दिवशी त्या घरी एक चक्कर मारते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव लहान आहे. घरं काही मातीची, काही विटा-सिमेंटची, बरीचशी अर्धी-अर्धी. फोटो काढता येणार नाही असं एकही घर मला अजून भेटलं नाही. लोक आधी सुंदर भिंत शोधतात आणि मग तिथे माणूस उभा करतात, तिथेच बिघडतं. आधी चांगला उजेड कुठे पडतो ते शोधायचं. त्या उजेडात उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागे जे येईल, ते मग साधं करून घ्यायचं.

आदल्या दिवशीची चक्कर

कार्यक्रम ज्या वेळी असेल त्याच वेळी जा. सकाळी दहाला छपरीत सुरेख उजेड असतो, तर चारला तिथेच ऊन तोंडावर येतं. सोबत घरातलं एखादं पोरगं घ्या. त्याला छपरीत, दारात, खिडकीजवळ, सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत), भिंतीच्या सावलीत असं एकेका जागी उभं करा आणि त्याचे डोळे बघा. बुबुळात उजेडाचा एक ठळक ठिपका किंवा पट्टा चमकला आणि डोळ्यांखाली काळं दिसलं नाही, तर जागा चांगली. डोळे खोल, काळे दिसले तर उजेड वरून पडतोय, ती जागा सोडा.

आपल्याकडे हे जास्तच सांभाळावं लागतं. मे महिन्याच्या अखेरीस विदर्भात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. नागपूरला शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या आसपास असतो, उभ्या काठीलाही त्या वेळी सावली पडत नाही. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोंत भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची सावली ओठांवर पडते. तेव्हा बारा ते चार छपरीत किंवा घरातच राहा. संध्याकाळचा मऊ उजेड मे महिन्यात साडेपाच-सहापासून सूर्य बुडेपर्यंत, म्हणजे पावणेसातच्या आसपासपर्यंत मिळतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचलाच बुडतो, म्हणून हिवाळ्यातल्या साक्षगंधाला चारलाच फोटो सुरू करायला सांगा. पाहुणे जेवायला बसण्याची वाट पाहिली की उजेड गेलेला असतो.

जागा ठरली की खडूने किंवा रांगोळीने जमिनीवर दोन खुणा करा, एक माणसाची, एक तुमची. कार्यक्रमाच्या गडबडीत कोणी ना कोणी "इकडे काढ, तिकडे काढ" म्हणतंच. खूण असली की लोक आपणहून तिथे येऊन उभे राहतात.

दार

पैसा न लागणारा आणि कधीही न फसणारा बॅकग्राउंड म्हणजे उघडं दार, मागे अंधारी खोली. जुन्या कवेलूच्या घरांत माजघर अंधारंच असतं. राहणाऱ्याला ती अडचण वाटते, फोटोला मात्र ती देणगी आहे.

असं का होतं ते समजून घेतलं तर तुम्हाला कुठल्याही घरात जमेल. छपरीत आकाशाचा उजेड येतो, आतल्या खोलीत त्याच्या कितीतरी पट कमी. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतं. फोनला मात्र एकाच वेळी दोन्ही नीट दाखवणं जड जातं. चेहरा नीट दाखवायला सांगितलं की खोली काळी होते. खुंटीवरची पिशवी, टीव्हीची वायर, गाद्यांचा ढीग, सगळं त्या काळ्यात बुडून जातं.

माणसाला उंबरठ्यावर किंवा त्याच्या एक पाऊल बाहेर उभं करा, तोंड अंगणाकडे. तुम्ही सहा-सात फुटांवर छपरीच्या कडेला. आतला दिवा बंद, मागची खिडकी बंद, मागचं दार बंद. मागचं दार उघडं राहिलं तर डोक्यामागे पांढरा चौकोन येतो आणि सगळं वाया जातं. आता फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. बहुतेक फोनमध्ये शेजारी छोट्या सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. हे ओढणं विसरू नका. फोनला समोर काळं जास्त दिसलं की तो आपल्या मनाने चित्र उजळवतो. मग चेहरा जळाल्यासारखा पांढरा होतो आणि आतलं सामानही दिसू लागतं. कपाळावरची चमक जाईपर्यंत उजेड कमी करा.

इथे एक अडचण येते. काळे केस मागच्या अंधारात मिसळतात आणि डोक्याचा आकार हरवतो. डोक्यावर पदर असेल तर प्रश्नच नाही, टोपी-फेट्यालाही नाही. मोकळे केस असतील तर माणसाला उंबरठ्यापासून आणखी एक हात पुढे घ्या, म्हणजे केसांवर आकाशाचा उजेड येतो. केसांत गजरा असला तर फारच छान. काळा किंवा गडद निळा शर्ट घातलेल्या माणसाला मात्र दारात उभं करू नका, नुसतं तोंड आणि हात तरंगताना दिसतील. त्याच्यासाठी भिंत आहे.

दाराची चौकट फोटोत घ्यायची की नाही? सागवानी जुनी चौकट असेल, वर तोरण असेल, तर घ्या. मग फोन अगदी सरळ धरा, चौकट तिरपी गेली की डोळ्यांना खुपते. लोखंडी पट्ट्यांचं दार आणि हिरवा ऑइलपेंट असेल तर जवळ जा, फक्त अंधार ठेवा.

भिंत

मातीची सारवलेली भिंत ही माझी सगळ्यात आवडती. तिच्यात चमक नाही, रंग मातकट, थोडा राखाडी. ती चेहऱ्यावर स्वतःचा रंग टाकत नाही आणि सावळी कांती तिच्यापुढे खुलते. सेवाग्रामला बापू कुटीत गेला असाल तर मातीच्या भिंतींजवळचा तो शांत उजेड तुम्ही पाहिलाच असेल. सारवायचं असेल तर दोन दिवस आधी सारवा. ओल्या सारवणाचे गडद डाग पडतात आणि फोटोत भिंत गळकी वाटते.

चुन्यात नीळ घालून दिलेली फिकट निळी भिंतही तितकीच कामाची. पिवळी, शेंदरी, जांभळट तांबडी साडी तिच्यासमोर उठून दिसते. नुसत्या पांढऱ्या भिंतीला फोन फसतो. पांढरं जास्त दिसलं की तो चित्र काळवंडून टाकतो आणि चेहरा अंधारतो. दारात आपण उजेड खाली ओढला होता, इथे तो वर ओढायचा.

ऑइलपेंटची भिंत आणि टाइल्स जपून वापरा. फ्लॅश मारला की मागे पांढरा गोळा उमटतो. फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा उजेड भिंतीवर चमकणार नाही असे थोडे बाजूला सरका. पोपटी हिरवी भिंत आपल्याकडे घरोघरी असते. तिला अगदी खेटून उभं राहिलेल्या माणसाच्या गालावर आणि मानेवर हिरवी झाक येते, कारण भिंतीवर पडलेला उजेड हिरवा होऊनच परततो. चार-पाच फूट पुढे आणा, झाक निघून जाते.

हे चार-पाच फुटांचं अंतर सगळ्याच भिंतींसाठी पाळा. माणसं आपणहून भिंतीला पाठ टेकवतात. तसं उभं राहिलं की मागे सावली चिकटते आणि भिंतीचा प्रत्येक पोपडा स्पष्ट दिसतो. माणूस पुढे आला की भिंत पुसट होते. तुम्हीही दोन पावलं मागे जा आणि फोनमध्ये दोनपट झूमचा कॅमेरा असेल तर तो वापरा. साध्या कॅमेऱ्याने फार जवळून काढलं की नाक मोठं दिसतं आणि मागचा पसाराही जास्त येतो. फोनमधलं पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतं, पण झुमक्याच्या कडा, वेणीतून सुटलेले केस, लेकराच्या टोपीची लोकर असं काहीबाही खातं. मागची भिंत साधी असली की त्याची गरजच पडत नाही.

फोटो घेण्याआधी भिंतीवरून एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. कॅलेंडर, मीटरची पेटी, खुंटीवरचा टॉवेल, केरसुणी. काढता येईल ते काढा, न निघणारं माणसाच्या पाठीमागे लपवा. भिंतीला अर्ध्या उंचीवर दुसऱ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याची रेघ गळ्यातून किंवा कानातून जाऊ देऊ नका. फोन थोडा खाली किंवा वर घेतला की रेघ खांद्याखाली जाते.

घरात मोकळी भिंतच नसेल तर कोपरा बघा. अर्व्हिंग पेन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९४८ साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन उंच फळ्या जोडून एक अरुंद कोपरा केला होता आणि नामवंत माणसांना त्यात उभं करून फोटो काढले होते. छपरीच्या कोपऱ्यात खुर्ची ठेवून बघा. लाजरा माणूस मोकळ्या जागी हात कुठे ठेवू म्हणून अवघडतो. कोपऱ्यात त्याला भिंतीचा आधार मिळतो, खांदे सैल होतात. इथे मात्र चार फुटांचा नियम सोडून द्या, टेकू द्या.

कापड

भिंत वाईटच असेल तर कापड लावा. त्याला स्टुडिओचा पडदा लागत नाही. आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात सेदू केइता नावाच्या छायाचित्रकाराने १९४८ साली स्टुडिओ थाटला. तो फोटो काढायचा अंगणात, दिवसाच्या उजेडात, आणि त्याचा पहिला पडदा म्हणजे त्याच्याच पलंगावरची चादर होती. ते फोटो आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आपल्या घरात कापडाला तोटा नाही. सुती, न चमकणारं, एका रंगाचं किंवा अगदी बारीक काठाचं निवडा. आईची जुनी, धुऊन फिकी झालेली सुती साडी नव्या साडीपेक्षा चांगली. आपल्या विदर्भाची करवतकाठी साडी घरात असेल तर तिचा टसरचा मातकट सोनेरी रंग बारशाच्या फोटोला फार शोभतो. तिला जरा चमक असते म्हणून फ्लॅश नको. साटीन आणि झगझगीत झालरी नकोत. मोठ्या नक्षीची चादर नको, डोळा चेहऱ्यावरून नक्षीवर जातो. बारीक चौकड्याचं कापडही टाळा, फोनमध्ये त्यावर लहरी उमटतात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मागचा पडदा बदलला की महालाचं जंगल होतं, तिथे पडद्याला गोष्ट सांगायची असते. लेकराच्या फोटोत पडद्याने गप्प राहायचं असतं.

लावायचं कसं? मला सापडलेली सगळ्यात सोपी तऱ्हा म्हणजे बाज. बाज उभी करून भिंतीला टेकवा, वरच्या दोन खुरांना सुतळी बांधून ती खुंटीला किंवा खिडकीच्या गजाला पक्की करा आणि मग साडी वरून खाली सोडा. सुतळी बांधल्याशिवाय बाजेसमोर लेकरू बसवू नका, ती घसरून अंगावर येते. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच असतो. एका माणसाला तो पुरतो, दोघांना पुरत नाही. दोघांसाठी साडी आडवी बांधा. पाच-साडेपाच मीटर लांबी असते, त्यातली अडीच मीटर ताणून घेतली तरी बसलेल्या जोडप्यामागे पुरेशी होते.

सुरकुत्या हा कापडाचा खरा शत्रू. इस्त्री असेल तर करा. लाइट गेलेली असेल तर कापडावर पाण्याचा हलका हबका मारा, वर आणि खाली दोन्हीकडून ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पकडा आणि अर्धा तास वाळू द्या. खालच्या कडेत वरवंटा किंवा दोन विटा गुंडाळल्या की कापड वाऱ्याने हलत नाही. नाहीतर उलट करा, मुद्दाम उभ्या मोठ्या चुण्या पाडा. अर्धवट सुरकुत्या घाणेरड्या दिसतात, ठरवून पाडलेल्या चुण्या पडद्यासारख्या दिसतात.

एक पांढरं धोतर मात्र पडद्यासाठी न वापरता हाताशी ठेवा. माणूस बसला की ते त्याच्या गुडघ्यांपुढे जमिनीवर पसरा, फोटोत येणार नाही असं. जमिनीवरचा उजेड त्यावरून उसळून हनुवटीखाली आणि डोळ्यांत जातो. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर याने किती फरक पडतो ते एकदा करून बघा.

सांदवाडी आणि अंगण

संध्याकाळी घराची सावली सांदवाडीत पडली की तिथे खूप काही मिळतं. तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचं, कुंपण म्हणजे उभ्या तपकिरी रेघा. सहा-सात फूट मागे असलं की त्या रेघा विरघळून एक उबदार रंग उरतो. बंडीला लावायचा बांबूचा तट्टा तर तयार पडदाच आहे, उभा करून बांधला की झालं. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग मात्र नको. काड्या चारही दिशांना असतात आणि डोक्यातून शिंगं उगवल्यासारखी दिसतात. तुराट्या असोत की पऱ्हाटी, तिथे विंचू-साप दडलेले असतात, म्हणून लेकराला ढिगाला टेकून बसवू नका.

कडुनिंबाखाली फोटो काढायची सगळ्यांनाच हौस असते. दुपारी पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहरा ठिपकेदार होतो. सूर्य कलल्यावर या.

दिवाळीनंतर ज्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो तिथे खिडकीजवळचा तो ढीग बघून मला राहवत नाही. पांढरा, मऊ, चमक नसलेला, वरून उजेड परतवणारा. ढिगाच्या चार फूट पुढे माणूस बसवा आणि उजेड वर ओढा. पण कापसावर लेकरू बसवू नका, अंगाला खाज सुटते. आणि त्या खोलीत केकची मेणबत्ती, फुलझडी, बिडी, निरांजन काहीही नेऊ नका. वर्षभराची कमाई त्या खोलीत असते. फोटोसाठी तेवढा धोका कोणी घेऊ नये.

मांडवाखाली फोटो काढावाच लागला तर आधी वर बघा. लाल कापडातून उजेड लाल होऊनच उतरतो, निळ्या ताडपत्रीतून निळा. फोनमध्ये रंग सुधारून तो पूर्ण जात नाही. मांडवाच्या कडेला या, तोंड बाहेरच्या आकाशाकडे करा. रंगीत कापड मग मागे राहतं आणि चेहऱ्यावर साधा उजेड येतो. पुढच्या वेळी मांडववाल्याला फोटोच्या कोपऱ्यापुरतं पांढरं कापड लावायला सांगा.

रात्री

रात्री भिंत शोधू नका. अंगणातला अंधार हाच बॅकग्राउंड. फोनचा फ्लॅश बंद करा. एकाला दुसऱ्या फोनची बॅटरी किंवा इमर्जन्सी लाइट धरायला सांगा, माणसाच्या एका बाजूला, डोक्यापेक्षा जरा उंच, आणि त्यापुढे पांढरा रुमाल ताणून धरा. उजेड लगेच मऊ होतो. रुमाल गरम होणाऱ्या हॅलोजनला मात्र लावू नका. लायटिंगच्या माळा माणसाच्या मागे पंधरा-वीस फुटांवर ठेवा आणि तुम्ही चार-पाच फुटांवरून काढा. मागचे दिवे गोल ठिपके होतात.

स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ते दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, जिथे सगळं हाताने ठरवता येतं, शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात.

म्हाताऱ्या माणसांसाठी

यांच्यासाठी मी वर सांगितलेलं थोडं बाजूला ठेवते. कार्यक्रमात सगळे गोळा झालेले असतात, आजी-आजोबांचा चांगला फोटो तेव्हाच निघतो, आणि पुढे घरात मोठा होऊन लागतो तोही बहुतेक वेळा हाच. म्हणून यांना साडीसमोर बसवण्याआधी विचारा, "आजी, तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

शेजारच्या घरी साक्षगंधाला मी असं विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "माह्या देवळीपाशी काढ." स्वयंपाकघराच्या भिंतीत ती देवळी होती, चाळीस वर्षांच्या दिव्याच्या काजळीने वरचा भाग काळा झालेला. मी खालचे डबे हलवले, पूर्वेची खिडकी उघडली, मांडीपुढे धोतर पसरलं आणि देवळी आजींच्या खांद्याच्या जरा वर, एका बाजूला येईल अशी बसले. काजळी पुसायला सून फडकं घेऊन आली होती, तिला मी थांबवलं. डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडली, कारण फ्रेमवाला कडा कापतो. फोटो मुलाला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. साधा पाठवला की तो लहान होतो आणि मोठ्या छपाईत फुटतो. बारा बाय अठरा इंचांचा छापून आणला तेव्हा आजींनी आधी स्वतःकडे पाहिलंच नाही. देवळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दिवा लावलेला असता तं अजून बरं झालं असतं." मग आम्ही दिवा लावून पुन्हा काढला.